ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस : डेंग्यू, प्रतिकारयंत्रणा आणि प्लेटलेट्सचा आकडा

काचपट्टी (धागाकर्ती) | १२ ऑगस्ट, सकाळी १०:१५

गेली १९ वर्षे मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. आषाढ सरत आला की आमच्या दारात सकाळी ७ पासून रांग लागते आणि अहवाल हातात पडताच बहुतेकांची नजर एकाच ओळीवर जाते : प्लेटलेट्स किती? दीड लाख असतील तर चेहरा खुलतो, ८० हजार असतील तर तिथेच उभ्या उभ्या नातेवाइकांना फोन सुरू होतात. त्याच कागदावर हिमॅटोक्रिट नावाचा एक आकडा असतो (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, ते सांगणारा), तो मात्र कोणी पाहत नाही. डेंग्यूमध्ये हा आकडा, ताप कोणत्या दिवशी उतरला याची नोंद आणि रुग्णाला शेवटची लघवी कधी झाली या प्रश्नाचे उत्तर, या तीन गोष्टी प्लेटलेट्सपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातात. असे का, हे नीट समजायचे तर विषाणू शरीरात शिरून काय करतो आणि शरीर त्याला कसे उत्तर देते, हे क्रमाने पाहावे लागते. त्यासाठी हा धागा काढला आहे.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, लेशमनच्या रंगाने रंगवून, हजारपट मोठा करून पाहिला की तांबडी पेशी दिसते. तिचा व्यास साधारण ७ ते ८ मायक्रोमीटर असतो. विषमज्वराचा जिवाणू २ ते ३ मायक्रोमीटर लांबीचा असतो, म्हणजे असे तीन जिवाणू तिच्या रुंदीवर सहज मावतील. डेंग्यूचा विषाणू ५० नॅनोमीटरचा असतो, म्हणून त्याच तांबड्या पेशीवर असे दीडशे विषाणू ओळीने बसतील. माझ्या सूक्ष्मदर्शकात तो कधीच दिसणार नाही. मला दिसतात त्या त्याच्या पाऊलखुणा : पांढऱ्या पेशी कमी झालेल्या, प्लेटलेट्स तुरळक, आणि अधूनमधून एखादी मोठी, गडद निळ्या कडेची लसिका पेशी, जी एरवी लहान आणि गोल असते पण आता कामाला लागल्यामुळे फुगलेली असते.

फरक नुसता आकाराचा नाही. जिवाणूचा संसार स्वतंत्र असतो. त्याला स्वतःची भिंत असते, प्रथिने घडवणारे स्वतःचे रायबोसोम असतात. तो खातो, वाढतो आणि दुभंगून एकाचे दोन होतो. पेनिसिलिन ही भिंत बांधू देत नाही आणि डॉक्सिसायक्लिन जिवाणूच्या रायबोसोमचे काम थांबवते. आपल्या पेशींना तशी भिंत नसते आणि आपले रायबोसोम वेगळ्या घडणीचे असतात, म्हणून ही औषधे जिवाणूला मारतात आणि आपल्याला सोडतात. डेंग्यूच्या विषाणूकडे भिंतही नाही आणि रायबोसोमही नाहीत. त्याच्याकडे सुमारे १०,७०० अक्षरांचा आरएनएचा एक धागा आहे, त्यात १० प्रथिने घडवण्याच्या सूचना आहेत आणि भोवती एक वेष्टन आहे. बाकी सगळे काम तो आपल्याच पेशींकडून करून घेतो. अँटिबायोटिकला धरायला त्याच्या अंगावर जागाच नाही, त्यामुळे निव्वळ डेंग्यूसाठी दिलेली अँटिबायोटिक पोटाला त्रास देण्यापलीकडे काही करत नाही.

एडिस इजिप्ती जातीची मादी दिवसाउजेडी चावते आणि लाळेबरोबर विषाणू त्वचेत सोडते. त्वचेत प्रतिकारयंत्रणेच्या पहारेकरी पेशी पसरलेल्या असतात. परका दिसला की त्याला गिळायचे, जवळच्या लसिका ग्रंथीत न्यायचे आणि तिथल्या पेशींना त्याची ओळख पटवायची, हे त्यांचे काम. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते ते याच कामामुळे. डेंग्यूचा विषाणू नेमका या पहारेकऱ्यांनाच संसर्ग करतो आणि त्यांच्याच अंगावरून ग्रंथीपर्यंत पोहोचतो. ही गोष्ट पहिल्यांदा शिकले तेव्हा मी बराच वेळ त्या पानावरच थांबले होते. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत ४ ते १० दिवस जातात, ते याच प्रवासात.

संसर्ग झालेली पेशी गप्प बसत नाही. ती इंटरफेरॉन नावाची प्रथिने बाहेर सोडते आणि शेजारच्या पेशी त्या इशाऱ्याने विषाणूची नक्कल काढण्याचे मार्ग बंद करू लागतात. अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी १९५७ मध्ये इंटरफेरॉनचा शोध लावला. इतर काही संदेशवाहक प्रथिने मेंदूतल्या तापमान-केंद्रापर्यंत पोहोचतात, तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि शरीर आपले तापमान मुद्दाम वर नेते. पहिल्या तीन दिवसांतला १०३-१०४चा ताप, डोळ्यांच्या मागची ठणक आणि ज्या दुखण्यावरून याला हाडमोड्या ताप म्हणतात ते अंग मोडणे, यांत आपल्या यंत्रणेचा वाटा मोठा असतो. याच दिवसांत रक्तात विषाणूची संख्या सर्वांत जास्त असते, म्हणून विषाणूचे एनएस१ नावाचे प्रथिन शोधणारी चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते. प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूला चिकटण्यासाठी शरीराने घडवलेल्या प्रथिनांची, आयजीएम चाचणी साधारण चौथ्या-पाचव्या दिवसानंतर भरवशाची होते. ती चाचणी देशभरातल्या सरकारी प्रयोगशाळांत ज्या संचाने होते, तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तयार होतो.

आता मुद्द्याकडे येते. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, रक्तातला विषाणू झपाट्याने कमी होऊ लागतो आणि घरच्यांना वाटते की सुटलो. काही रुग्णांत नेमक्या याच वेळी केशवाहिन्यांची अस्तरे सैल होतात आणि रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, बाहेर झिरपून पोटात आणि फुप्फुसांभोवती साठू लागतो. प्रतिकारपेशींनी सोडलेली रसायने आणि विषाणूचे स्वतःचे एनएस१ प्रथिन, दोन्ही या अस्तरावर परिणाम करतात. रक्तद्रव निघून गेला की मागे उरलेल्या रक्तात तांबड्या पेशींचा वाटा वाढलेला दिसतो. चुलीवर आमटी आटली की डाळ वाढलेली नसते, पाणी गेलेले असते. हिमॅटोक्रिट चढतो तो असाच. रुग्णाचा मूळ आकडा ३६ असेल आणि तो ४३ वर गेला, तर जवळजवळ २० टक्के वाढ झाली असे समजावे आणि ती गंभीर मानावी. ही गळती २४ ते ४८ तास चालते. त्या वेळात शिरेतून योग्य प्रमाणात द्रव मिळाले तर बहुतेक रुग्ण सुखरूप बाहेर पडतात. ते वेळेवर मिळाले नाहीत तर रक्तदाब कोसळतो.

म्हणून ताप उतरल्यावर पोटात सतत दुखणे, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणे, एकदम सुस्ती किंवा उलट बेचैनी, आणि चार-सहा तास लघवी न होणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

रानजाई | १२ ऑगस्ट, सकाळी ११:५०

काचपट्टीताई, धागा वाचता वाचता हात थांबले. माझ्या ११ वर्षांच्या मुलाला ८ तारखेला संध्याकाळी ताप आला, परवा एनएस१ पॉझिटिव्ह आली. आज सकाळी ताप पूर्ण उतरला आहे. कालच्या अहवालात प्लेटलेट्स ९२ हजार होत्या, हिमॅटोक्रिट ३६ लिहिले आहे, ते मी आत्ता तुमचे वाचून पाहिले. घरात सगळ्यांना हायसे वाटले आहे. सासूबाई म्हणतात, लेकरू सुईला घाबरते, आज रक्त काढायला नेऊ नका. तो पडून आहे, फारसे बोलत नाही, पण ताप नाही म्हणून मीही निर्धास्त होते. आजची तपासणी टाळली तर चालेल का?

काचपट्टी | १२ ऑगस्ट, दुपारी १२:०५

रानजाई, आजची तपासणी अजिबात टाळू नका. त्याच्यासाठी आजचा आणि उद्याचा दिवस सर्वांत महत्त्वाचा आहे. ३६ हा त्याचा पाया धरा आणि आजचा आकडा त्याच्याशी ताडून पाहायला तुमच्या डॉक्टरांना सांगा. एका कागदावर लघवीची वेळ आणि प्यायलेल्या द्रवाचे माप लिहायला आत्तापासून सुरुवात करा : जलसंजीवनी, ताक, शहाळे, पेज, जे तो घेईल ते, थोडे थोडे पण सतत. ताप पुन्हा आला तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत फक्त पॅरासिटामॉल द्या. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक यांतले काहीही देऊ नका, कारण ती प्लेटलेट्सच्या कामात अडथळा आणतात आणि जठराला इजा करून रक्तस्राव वाढवू शकतात. तो फारसा बोलत नाही हे तुम्ही सहज लिहिले आहे, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. मी या धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

माळढोक | १२ ऑगस्ट, दुपारी २:३०

माझ्या वडिलांना तीन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला तेव्हा गावातल्या एका दवाखान्यात त्यांना अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकची सुई दिली आणि सोबत अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी ताप उतरला, त्यांनी शेतावर चक्कर मारली आणि पाचव्या दिवशी पहाटे रक्ताची उलटी झाली. शहरात नेईपर्यंत नाडी लागत नव्हती. ते वाचले, पण अकरा दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. तिथल्या डॉक्टरांनी विचारले की यांना पूर्वी कधी डेंग्यू झाला होता का. झाला होता, त्याच्या सहा वर्षे आधी, आणि तेव्हा चार दिवसांत बरे वाटले होते. आम्हाला तर वाटत होते की एकदा झाला म्हणजे शरीर तयार झाले. कांजिण्यांचे तसेच असते ना? मग डेंग्यूत दुसरी वेळ जास्त वाईट का, हे मला आजवर कोणी नीट समजावून सांगितलेले नाही.

उशाशी_दिवा | १२ ऑगस्ट, दुपारी ४:१०

मी लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात काम करतो. माळढोक, तुमचा प्रश्न या आजाराच्या गाभ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या संसर्गात आपल्या बी-पेशींपैकी ज्यांची पकड त्या विषाणूवर योगायोगाने जुळते, त्या निवडल्या जातात, वाढतात आणि प्रतिपिंडे सोडतात. कोट्यवधी वेगवेगळ्या पकडी आपल्याकडे आधीपासून असतात, कारण प्रत्येक बी-पेशी आपल्या जनुकांचे तुकडे निराळ्या पद्धतीने जोडून घेते. हे दाखवून दिल्याबद्दल सुसुमू तोनेगावा यांना १९८७चे नोबेल मिळाले. आजार सरल्यावर यातल्या काही पेशी स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. कांजिण्यांचा विषाणू एकाच प्रकारचा असल्यामुळे ही आठवण पुढे आयुष्यभर कामी येते. डेंग्यूचे मात्र चार प्रकार आहेत. ते एकमेकांसारखे आहेत, पण एकसारखे नाहीत. पहिल्या प्रकाराची आठवण पहिल्यापासून दीर्घकाळ वाचवते आणि इतरांपासून काही महिने, फार तर एक-दोन वर्षे. त्यानंतर प्रतिपिंडांची पातळी उतरते आणि अडचण तिथे सुरू होते.

समजा, सहा वर्षांनी दुसऱ्या प्रकारचा विषाणू शिरला. जुनी प्रतिपिंडे त्याला ओळखतात आणि चिकटतात, पण पकड ढिली असते, त्याला निकामी करण्याइतकी घट्ट नसते. प्रतिपिंडाची जी शेपटी असते ती पकडून भक्षक पेशी त्याला आत ओढून घेते, कारण प्रतिपिंड चिकटलेली वस्तू गिळणे हे तिचे कामच आहे. हातकडी सैल असलेला चोर ठाण्यात नेला आणि तिथेच तो सुटला, असा हा प्रकार होतो. डेंग्यूच्या विषाणूला नेमक्या याच पेशीत वाढायचे असते. मग पेशी जास्त, विषाणू जास्त, त्याला उत्तर म्हणून सुटणारी रसायने जास्त आणि गळतीही जास्त.

स्कॉट हॉलस्टेड यांनी १९६०च्या दशकात थायलंडमधल्या मुलांच्या निरीक्षणांवरून हा विचार मांडला, पण तो मला खरा पटला तो क्यूबाच्या हकिगतीमुळे. क्यूबात १९७७ मध्ये पहिल्या प्रकारची साथ आली आणि लक्षावधी लोकांना सौम्य आजार होऊन गेला. १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकारची साथ आली. तिच्यात ३,४४,२०३ रुग्णांची नोंद झाली आणि १५८ मृत्यू झाले, त्यांतली १०१ मुले होती. गंभीर आजारी पडलेल्यांत पूर्वीच्या साथीत संसर्ग झालेलेच प्रामुख्याने होते. पुढे १९९७ मध्ये सांतियागो दे क्यूबा शहरात पुन्हा दुसरा प्रकार आला, तेव्हा गंभीर रुग्ण जवळजवळ सगळे प्रौढ निघाले, म्हणजे वीस वर्षांपूर्वी पहिला प्रकार होऊन गेलेले. मधल्या काळात जन्मलेल्या मुलांच्या शरीरात ती जुनी आठवण नव्हती, म्हणून ती बचावली.

माझ्या विभागात याचा आणखी एक पुरावा दर पावसाळ्यात येतो. सहा ते नऊ महिन्यांची बाळे पहिल्याच संसर्गात गंभीर होतात. त्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नसतो, पण आईला झालेला असतो. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात येतात, पहिले काही महिने त्याला वाचवतात आणि पुढे त्यांची पातळी अशा अर्धवट टप्प्यावर येते की ती वाचवण्याऐवजी विषाणूला वाट करून देतात. निकाराग्वामधल्या मुलांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये हेच दिसले की धोका प्रतिपिंडे नसताना किंवा भरपूर असताना वाढत नाही, तर एका ठरावीक मधल्या पातळीला वाढतो.

तरीही एक गोष्ट स्पष्ट लिहितो, नाहीतर वाचणारे घाबरतील. दुसऱ्यांदा संसर्ग होणाऱ्यांपैकीही बहुतेक जण गंभीर होत नाहीत. धोका वाढतो, म्हणून आपल्याला पूर्वी डेंग्यू झाला होता हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगावे.

पिंपळपार | १२ ऑगस्ट, सायंकाळी ६:२०

उशाशी_दिवा, अर्धवट प्रतिपिंडे घातक असतील तर लससुद्धा तोच धोका निर्माण करणार नाही का?

उशाशी_दिवा | १२ ऑगस्ट, सायंकाळी ७:०५

तसे घडले आहे. फिलिपिन्समध्ये एप्रिल २०१६ पासून डेंगव्हॅक्सिया ही लस शाळकरी मुलांना देण्यात आली आणि ८ लाखांहून जास्त मुलांना ती मिळाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सानोफी या उत्पादक कंपनीनेच जाहीर केले की ज्यांना पूर्वी कधीच डेंग्यू झालेला नाही, त्यांच्यात लसीनंतर खरा संसर्ग झाला तर आजार जास्त गंभीर होऊ शकतो. त्यांच्या शरीरासाठी लस हाच पहिला संसर्ग ठरला आणि डासाने आणलेला विषाणू दुसरा ठरला. कार्यक्रम थांबवावा लागला. लोकांचा विश्वास असा उडाला की पुढे गोवराच्या लसीलाही पालक नकार देऊ लागले आणि २०१९ मध्ये तिथे गोवराची मोठी साथ आली. ज्या गोवराच्या लसीत काहीच खोट नव्हती, ती न मिळाल्याने मुले दगावली, याचे मला आजही फार वाईट वाटते.

यातून लस नकोच, असा निष्कर्ष मी काढत नाही. चारही प्रकारांविरुद्ध घट्ट पकडीची प्रतिपिंडे आणि सोबत टी-पेशींची स्मृती निर्माण करणारी लस हवी. टी-पेशी संसर्ग झालेल्या पेशीला ओळखून तीच नष्ट करतात, त्यामुळे त्यांची तयारी फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि पॅनेशिया बायोटेक यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतक इथून १०,००० हून जास्त लोकांवरची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू केली.

रानजाई | १२ ऑगस्ट, रात्री १०:४०

आजचे हिमॅटोक्रिट ४१ आले, प्लेटलेट्स ५८ हजार. संध्याकाळी दोनदा उलटी झाली आणि पोटात दुखते म्हणू लागला. दुपारी ३:२० नंतर लघवी नव्हती. तो कागद दाखवला तेव्हा डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतले. सलाईन सुरू आहे. सासूबाई उशाशी बसल्या आहेत आणि आता दर तासाला मलाच आठवण करतात की वेळ लिही.

काचपट्टी | १२ ऑगस्ट, रात्री १०:५५

अगदी योग्य वेळी पोहोचलात. रात्रभर मध्ये मध्ये रक्त तपासतील, त्याचा त्रास मानू नका. सलाईनचा वेग ते हिमॅटोक्रिटच्या आकड्यावरून ठरवतात.

खाडीपूल | १३ ऑगस्ट, सकाळी ८:३०

रानजाई, मुलाला लवकर आराम पडो.

मी कोकणातला आहे. आमच्याकडे याच दिवसांत लेप्टो असतो आणि सुरुवातीचा ताप हुबेहूब असाच. उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेला हा मळसूत्री जिवाणू पायाच्या भेगेतून शिरतो. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. माझ्या भावाला पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की बोट लावू देत नव्हता, डोळे लालभडक झाले होते. डॉक्सिसायक्लिन सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी तो उठून बसला. म्हणून वर जे अँटिबायोटिकविषयी लिहिले आहे ते वाचून कोणी सरसकट नकार देऊ नये, असे वाटते. प्रश्न असा की शरीर जिवाणूशी वेगळ्या पद्धतीने लढते का?

काचपट्टी | १३ ऑगस्ट, सकाळी ९:४५

खाडीपूल, तुमचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. मी निदान झालेल्या डेंग्यूबद्दल लिहिले होते. पावसाळ्यात पुराच्या पाण्यातून चाललेल्या माणसाला ताप आला तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करतात आणि ते योग्यच असते.

लढण्याची पद्धत निराळी आहे, कारण शत्रू निराळ्या ठिकाणी असतो. पुष्कळसे जिवाणू पेशींच्या बाहेर, रक्तात किंवा ऊतींमधल्या द्रवात फिरतात. त्यांच्यासाठी न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावतात. त्या जिवाणू गिळतात आणि फार थोडा काळ जगून मरतात. गळवातला पू मुख्यतः त्यांचाच साठा असतो. त्यामुळे जिवाणूच्या अनेक आजारांत काचपट्टीवर न्यूट्रोफिल वाढलेले दिसतात. विषाणू पेशीच्या आत लपलेला असतो, तिथे न्यूट्रोफिलचा उपयोग कमी. तिथे इंटरफेरॉन लागते आणि बाधित पेशीच संपवणाऱ्या टी-पेशी लागतात. अर्थात हा ढोबळ नियम झाला. विषमज्वराचा जिवाणू भक्षक पेशीतच दडून राहतो आणि त्यात पांढऱ्या पेशी डेंग्यूसारख्याच कमी होतात, म्हणून नुसत्या पेशींच्या संख्येवरून मी कधीच निदान सांगत नाही.

पिंपळपार | १३ ऑगस्ट, सकाळी ११:१०

आमच्या सोसायटीत कोणाला डेंग्यू झाला की पपईच्या पानांचा रस, किवी आणि ड्रॅगन फ्रूट घेऊन माणसे दारात उभी राहतात, आणि आकडा ५० हजारांखाली गेला की प्लेटलेट्सची पिशवी शोधायला रात्रभर रक्तपेढ्या पालथ्या घालतात. याचा खरोखर उपयोग किती?

काचपट्टी | १३ ऑगस्ट, दुपारी १:००

पपईच्या पानांच्या रसाने प्लेटलेट्सचा आकडा थोडा लवकर चढतो, असे काही लहान अभ्यासांत आढळले आहे. त्याने रक्तस्राव टळतो किंवा जीव वाचतो, हे सिद्ध झालेले नाही. तो रस कडूजहर असतो आणि आधीच मळमळणाऱ्या रुग्णाला त्याने उलटी झाली तर होते ते नुकसान फार मोठे, कारण पोटात गेलेले पाणी बाहेर पडते. किवी खुशाल खावे, ते फळ आहे.

पिशवीबद्दल मात्र ठाम लिहिते. सिंगापूर आणि मलेशियात ३७२ प्रौढ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्लेटलेट्स २० हजार किंवा त्याहून कमी, पण रक्तस्राव नाही, अशा रुग्णांना केवळ खबरदारी म्हणून प्लेटलेट्स दिल्या तेव्हा रक्तस्राव कमी झाला नाही, उलट अंगावर पित्त उठण्यासारखे दुष्परिणाम वाढले. डेंग्यूत विषाणू अस्थिमज्जेचे काम काही काळ मंदावतो आणि रक्तातल्या प्लेटलेट्स प्रतिकारयंत्रणेच्या तडाख्यात नष्ट होतात. बाहेरून दिलेल्या प्लेटलेट्सचीही तीच गत होते. यंत्रणा शांत झाली की आकडा आपोआप चढतो. रक्त वाहत असेल तर किंवा आकडा १० हजारांखाली गेला तर डॉक्टर पिशवीचा विचार करतात, आणि तो निर्णय त्यांच्यावर सोडावा.

अजून एक गोष्ट माझ्या टेबलावरची. मागच्या वर्षी एका तरुणाचा आकडा यंत्राने १४ हजार दाखवला. घरचे रडू लागले होते. मी काचपट्टी लावली आणि रक्ताच्या थराच्या अगदी शेवटच्या कडेला गेले, तर तिथे प्लेटलेट्सचे गुच्छच्या गुच्छ पडलेले. नळीतल्या ईडीटीए या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या गठ्ठ्यांना मोजतच नाही. सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतले तेव्हा आकडा १ लाख १० हजार निघाला. म्हणून एकदम धक्कादायक आकडा आला तर "काचपट्टी पाहिली का?" असे प्रयोगशाळेत जरूर विचारा. विचारल्याचा आम्हाला राग येत नाही.

दूरदेशी_मोगरा | १३ ऑगस्ट, सायंकाळी ५:३०

मी सिंगापूरमध्ये राहते. इथे पर्यावरण खात्याचे लोक घरात येऊन कुंड्यांखालच्या बशा आणि कपडे वाळत घालायच्या बांबूंच्या पोकळ्या तपासतात आणि अळ्या सापडल्या तर दंड होतो. माझ्या घरी आलेल्या बाईंनी फुलदाणीतल्या पाण्यावर विजेरी धरली तेव्हा एक अळी उजेडापासून वळवळत खाली गेली. मी दर रविवारी पाणी बदलत होते, फुलदाणी घासत मात्र नव्हते. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात, हे मला त्या दिवशी कळले.

या धाग्यावर विषाणू आणि जिवाणूंची चर्चा चालली आहे म्हणून सांगते, इथे जिवाणूच विषाणूच्या विरोधात कामाला लावला आहे. वोल्बाकिया नावाचा जिवाणू अनेक कीटकांच्या पेशींत नैसर्गिकपणे राहतो, पण एडिस इजिप्तीत तो आढळत नाही. प्रयोगशाळेत तो या डासात घातला. सिंगापूरमध्ये असे फक्त नर सोडतात. रानातल्या माद्यांशी त्यांचा संयोग झाला की अंडी उबतच नाहीत. इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात नर आणि मादी दोन्ही सोडले, कारण वोल्बाकिया असलेल्या डासाच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. तिथे शहराच्या काही भागांत असे डास सोडून आणि काही भागांत न सोडता तुलना केली, तेव्हा डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाला. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

उशाशी_दिवा | १३ ऑगस्ट, रात्री ९:१५

चांगली माहिती दिलीत. पुदुच्चेरीच्या आपल्या संशोधन केंद्रानेही वोल्बाकिया असलेले एडिस डास तयार केले आहेत. असे डास आपल्याकडे सोडले जाईपर्यंत आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा आणि पिंप नुसते रिकामे न करता आतून ब्रशने घासावे. धूरफवारणीने उडते डास मरतात, अंडी जशीच्या तशी राहतात.

रानजाई | १५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

दोन दिवस लिहायला सवड मिळाली नाही. १३ तारखेला पहाटे हिमॅटोक्रिट ४३ पर्यंत गेले होते आणि सोनोग्राफीत पोटात थोडे पाणी दिसले. प्लेटलेट्स ३८ हजारांवर आल्या, पण कुठूनही रक्त येत नव्हते म्हणून डॉक्टरांनी पिशवी दिली नाही. माझा दीर रक्तपेढीच्या दारात उभा होता, त्याला परत बोलावले. काल संध्याकाळी हिमॅटोक्रिट ३८ झाले, तेव्हा डॉक्टरांनी सलाईन जवळजवळ बंद केले. म्हणाले, बाहेर गेलेले पाणी आता परत रक्तात येते आहे, या वेळी जास्त दिले तर छातीत साठेल. रात्रीत त्याला पाच वेळा लघवी झाली, सगळ्या वेळा लिहिल्या आहेत.

आज पहाटे त्याच्या पायांवर लालभडक पुरळ आले, त्यात मधे मधे पांढरे गोल ठिपके राहिले आहेत, आणि तळहात इतके खाजतात की तो आजीच्या लुगड्याच्या काठावर घासतो आहे. मी घाबरून परिचारिकेला बोलावले. तिने पाहिले आणि हसून म्हणाली, हे बरे होण्याचे पुरळ आहे. प्लेटलेट्स ६४ हजार. आत्ता त्याने स्वतःहून मऊ भात मागितला आहे, वर मेतकूट हवे म्हणतो.